बुक केली एक खोली, हातात आली दुसरीच: हॉटेलच्या काउंटरपासून ग्राहक आयोगापर्यंत काय करायचं

खोली पाहून मन खट्टू होणं वेगळं आणि ठरलेली खोली न मिळणं वेगळं. पुढचं सगळं भांडण हा फरक ओळखण्यावर उभं असतं. पडदे विटलेत, गादी कडक आहे, फोटोत खोली मोठी वाटली होती, ही नाराजी झाली. ती खरी असली तरी तिच्यावर पैसे परत मिळणं अवघड. पण व्हाउचरवर 'सी फेसिंग, बाल्कनीसह' असं लिहिलेलं असताना मागच्या पार्किंगकडे तोंड असलेली बिनबाल्कनीची खोली हातात ठेवली, तर तो ठरलेल्या व्यवहाराचा भंग आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याला सेवेतील त्रुटी म्हणतो. जाहिरातीत एक दाखवून दुसरंच देण्याची सवय असेल, तर ती अनुचित व्यापारी प्रथाही ठरते.

म्हणून रागावण्याआधी एकच प्रश्न स्वतःला विचारायचा: जे मिळालं नाही, ते कुठे लिहिलेलं आहे का? उत्तर 'हो' असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. उत्तर 'फोनवर सांगितलं होतं' असेल तर ती लंगडी आहे, पण सावरता येते. बहुतेक कुटुंबं वर्षातून एक-दोनदाच फिरायला जातात, दिवाळीच्या सुट्टीत किंवा मे महिन्यात, तेही नेहमीपेक्षा चढा दर मोजून. सोबत आई-वडील असतात, लहान मुलं असतात. त्या चार दिवसांची किंमत पावतीवरच्या आकड्यापेक्षा मोठी असते. 'जाऊ दे, आता कुठे वाद घालत बसायचं' असं म्हणून गप्प बसणाऱ्या माणसांसाठीच हा लेख आहे.

बुकिंग करताना कोणते शब्द वाचायचे

डिलक्स, सुपर डिलक्स, प्रीमियम, एक्झिक्युटिव्ह या नावांना कायद्यात काही ठरलेला अर्थ नाही. प्रत्येक हॉटेल ती आपल्या मनाने ठेवतं. एका ठिकाणची 'डिलक्स' ही तिथली सगळ्यात साधी खोली असू शकते. त्यामुळे नावाच्या खाली काय लिहिलंय ते पाहायचं: किती चौरस फूट, कोणत्या मजल्यावर, बेड एक की दोन, खिडकी कुठे उघडते.

समुद्राच्या बाबतीत तर शब्दाशब्दाला पैसे लागतात. 'सी फेसिंग' म्हणजे खोलीचं तोंड समुद्राकडे. 'सी व्ह्यू' म्हणजे समुद्र दिसतो, कदाचित कोपऱ्यातून. 'पार्शल सी व्ह्यू' म्हणजे नारळाच्या झावळ्यांमधून निळी रेघ दिसली तरी शब्द पाळला गेला, असं हॉटेल म्हणू शकतं. 'बीचपासून ५ मिनिटं' हे चालत की गाडीने, ते विचारून घ्यावं. नकाशावर उपग्रहाचं चित्र उघडून हॉटेलची इमारत आणि किनारा यांच्या मध्ये काय आहे ते पाहिलं, तर अर्धे गैरसमज घरीच मिटतात. महाबळेश्वर-पाचगणीला 'व्हॅली व्ह्यू'ची तीच गोष्ट. शिवाय पावसाळ्यात धुक्यामुळे दरी दिसली नाही, तर त्याचा दोष हॉटेलला देता येत नाही.

दोन वाक्यांवर नजर अडकलीच पाहिजे. पहिलं, 'उपलब्धतेनुसार'. लवकर चेक-इन, दुहेरी बेड, जोडून खोल्या, वरचा मजला यांच्यापुढे हे लिहिलेलं असेल तर ती हॉटेलने नोंदवून घेतलेली विनंती आहे, दिलेलं वचन नाही. दुसरं, 'रन ऑफ हाउस'. याचा अर्थ हॉटेल त्या दिवशी जी खोली मोकळी असेल ती देणार. ही बुकिंगं स्वस्त असतात ती याचसाठी. ज्यांना ठरावीकच खोली हवी आहे त्यांनी या वाटेला जाऊ नये.

जेवणाच्या बाबतीत चार संक्षेपांचा घोळ नेहमी होतो. ईपी म्हणजे फक्त खोली. सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता. एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, एपी म्हणजे नाश्त्यासह दोन्ही जेवणं. 'एक्स्ट्रा बेड'चे पैसे घेऊन जमिनीवर गादी टाकणं ही आपल्याकडे इतकी रुळलेली पद्धत आहे, की पलंग मिळणार की गादी हे आधी विचारून घेतलेलं बरं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला रात्री जमिनीवरून उठणं किती कठीण जातं, हे त्या घरालाच माहीत असतं.

ताऱ्यांबद्दलही एक गोष्ट ध्यानात ठेवा. हॉटेलांना एक ते पाच तारे देण्याची अधिकृत व्यवस्था केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची आहे. ती ऐच्छिक आहे आणि मानांकन पाच वर्षांसाठी असतं. बुकिंगच्या अ‍ॅपवर दिसणारे तारे हे दर वेळी तेच असतात असं नाही. पुष्कळदा ते अ‍ॅपने ठरवलेले किंवा पाहुण्यांच्या गुणांवरून आलेले असतात. 'थ्री स्टार आहे म्हणून घेतलं' हा मुद्दा पुढे मांडायचा असेल, तर ते तारे कुणी दिलेत हे आधी पाहायला हवं.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम. पैसे भरण्याच्या आधी त्या खोलीच्या पानाचे स्क्रीनशॉट घ्या: खोलीचं नाव, फोटो, सोयींची यादी, रद्द करण्याच्या अटी, दर. वेबसाइटवरचं पान नंतर बदलू शकतं, आणि बदललं की 'असं कधी लिहिलंच नव्हतं' हे ऐकून घ्यावं लागतं. त्याच वेळी त्याच तारखांना त्याच हॉटेलातल्या साध्या खोलीचा दर काय आहे, त्याचाही एक स्क्रीनशॉट घ्या. याचा उपयोग पुढे हिशेब मांडताना होतो आणि तो फार मोठा असतो.

'फक्त १ खोली शिल्लक' अशा घाईच्या सूचनांनी गडबडून जाऊ नका. खोटी घाई दाखवणं, शेवटच्या पायरीवर लपवलेले आकार जोडणं, एक दाखवून दुसरं गळ्यात मारणं, हे सगळे प्रकार केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत 'डार्क पॅटर्न' म्हणून नोंदवले आहेत. अशा एकूण तेरा प्रकारांना तिथे मनाई आहे.

निघण्याआधी एक फोन आणि एक मेसेज

अ‍ॅपवरून बुकिंग केलं की हॉटेलशी बोलायची गरज नाही असं वाटतं. प्रत्यक्षात दोन-तीन दिवस आधी केलेला एक फोन पुष्कळ त्रास वाचवतो. अ‍ॅपवरचं बुकिंग हॉटेलच्या रजिस्टरमध्ये उतरलंच नाही, किंवा साध्या खोलीच्या नावाने उतरलं, असं होतं. फोनवर बोलणं झालं की तेच लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ईमेलवर लिहून पाठवायचं. असं:

"नमस्कार. आमचं तुमच्याकडे अमुक तारखेपासून तीन रात्रींचं बुकिंग आहे, क्रमांक अमुक. खोली: सी फेसिंग डिलक्स, बाल्कनीसह, नाश्ता धरून, एक एक्स्ट्रा बेड. सोबत ७२ वर्षांच्या आई आहेत, म्हणून तळमजला किंवा लिफ्ट असलेली खोली लागेल. आत्ता फोनवर आपण हो म्हणालात, त्याप्रमाणे खोली तयार ठेवावी. कृपया या मेसेजला उत्तर द्यावं."

समोरून नुसतं 'ओके सर' आलं तरी तो पुरावा आहे. ज्येष्ठांसाठी खालची खोली, व्हीलचेअर जाईल एवढं दार, कमोड, गरम पाण्याची वेळ, या गोष्टी मागताना संकोच करू नये. पुष्कळ ठिकाणी गरम पाणी सकाळी ठरावीक तासांतच येतं आणि जनरेटरवर एसी चालत नाही. हे आधी कळलं तर तडजोड करता येते, तिथे जाऊन कळलं तर चिडचिड होते. माथेरानसारख्या ठिकाणी तर गाड्या दस्तुरीपाशी थांबतात. तिथून हॉटेल किती लांब आहे, हा आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यासाठी खोलीइतकाच मोठा प्रश्न आहे.

काउंटरवर: आधी खोली बघा, मग सही करा

पोचल्यावर पद्धत अशी असते: ओळखपत्रं द्या, रजिस्टरमध्ये लिहा, उरलेले पैसे भरा, मग पोऱ्या सामान घेऊन खोली दाखवायला येतो. हा क्रम तुम्ही बदलू शकता. "आधी खोली बघून येतो, मग एन्ट्री करू" हे साधं वाक्य आहे आणि त्यात कुणाचा अपमान नाही. घरातल्या एकाने वर जाऊन बघावं, बाकीच्यांनी सामानासह खाली थांबावं. एकदा का बॅगा उघडल्या, मुलं पलंगावर उड्या मारायला लागली आणि कुणी अंघोळीला गेलं, की तुम्ही खोली स्वीकारली असं हॉटेल म्हणणार, आणि त्याला उत्तर देणं अवघड होणार.

खोलीत शिरल्यावर बघायचं ते व्हाउचर हातात धरून. बाल्कनी आहे का? ती कुठे उघडते? बेड ठरल्याप्रमाणे आहे का? एसी, गिझर चालू करून पाहा, नळ सोडून पाहा, दाराची आतली कडी लागते का बघा. पावसाळ्यात भिंतीवर ओल आणि कुबट वास असतो. कोकणात आणि घाटमाथ्यावर थोडी ओल ही हवामानाची देणगी आहे, पण गादी दमट असेल आणि उशीवर बुरशीचे डाग असतील, तर ती खोली लहान मुलाला किंवा दम्याच्या माणसाला देण्यासारखी नाही. हे स्पष्ट बोलावं.

पहिल्या अर्ध्या तासात करायच्या गोष्टी

खोली वेगळी निघाली, तर प्रकरणाचा निकाल बहुधा या अर्ध्या तासातच लागतो.

एक सलग व्हिडिओ काढा. सुरुवात खोलीच्या बाहेरून, दारावरचा क्रमांक दिसेल अशी. मग न थांबता आत या, खिडकी उघडून बाहेर काय दिसतं ते दाखवा, बाथरूम दाखवा, जे नाही त्या जागेवर थांबा. मधे तोडलेल्या व्हिडिओवर 'हा दुसऱ्या खोलीचा आहे' असा आक्षेप येऊ शकतो. मूळ फाइल फोनमध्येच राहू द्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेली प्रत लहान होते आणि तिच्यातली तारीख-वेळेची नोंद जाते. प्रकरण पुढे गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, तेव्हा मूळ फाइल असली की काम सोपं होतं.

त्यानंतर खाली या आणि बोला. कुणाशी, हे महत्त्वाचं. काउंटरवरच्या मुलाला बहुतेक वेळा खोली बदलायचा अधिकार नसतो. त्याच्यावर ओरडून काहीच निष्पन्न होत नाही, आणि चूक त्याची नसतेच. त्याला नाव विचारा आणि म्हणा, "दादा, मॅनेजरसाहेबांना बोलवा किंवा फोन लावून द्या." मॅनेजर आले की व्हाउचर पुढे ठेवायचं आणि मोजकं बोलायचं: "साहेब, हे बुकिंग. यात बाल्कनी लिहिली आहे, समुद्राकडची खोली लिहिली आहे. दिलेली खोली मागची आहे. ठरलेली खोली द्या." एवढंच. प्रवास किती लांबचा झाला, दर किती जास्त आहे, आम्ही कोण आहोत, हे सगळं मध्ये आणलं की मूळ मुद्दा हरवतो.

बोलणं चालू असतानाच घरातल्या दुसऱ्या माणसाने बुकिंगच्या अ‍ॅपवर तक्रार नोंदवावी. नुसता फोन करून थांबू नये, चॅटमध्ये किंवा ईमेलवर लिहावं, फोटो जोडावेत, तक्रार क्रमांक घ्यावा. आगाऊ भरलेले पैसे अ‍ॅपकडून हॉटेलकडे पुष्कळदा नंतर जातात. त्यामुळे तुम्ही हॉटेलात असतानाच केलेल्या तक्रारीला जे वजन असतं, ते घरी परतून चार दिवसांनी केलेल्या तक्रारीला नसतं. 'हॉटेलवर पैसे द्या' अशा प्रकारचं बुकिंग असेल तर पैसे अजून तुमच्याच खिशात आहेत. वाद मिटेपर्यंत ते तिथेच राहू द्या.

आणि हॉटेललाही लेखी मेसेज हवाच: "आज अमुक वाजता आम्हाला खोली क्रमांक अमुक दाखवली. ती बुकिंगप्रमाणे नाही: समुद्राकडे नाही, बाल्कनी नाही. आम्ही ठरलेली खोली मागितली आहे. कृपया लगेच द्यावी किंवा पर्याय कळवावा." तुमच्या तोंडी तक्रारीची नोंद हॉटेल ठेवणार नाही, या मेसेजची नोंद आपोआप राहते.

मागायचं काय, आणि किती

'काहीतरी करा' असं म्हटलं की एक वेळचं जेवण फुकट मिळतं आणि विषय संपतो. म्हणून मागणी नेमकी हवी. पहिली मागणी ठरलेली खोलीच. ती आज नाही पण उद्या रिकामी होणार असेल, तर उद्याची वेळ लिहून घ्या आणि आजच्या रात्रीचा फरक परत मागा. दुसरी, त्याच पैशात वरच्या दर्जाची खोली. तिसरी, आहे त्या खोलीत राहून फरकाची रक्कम परत. चौथी, बुकिंग रद्द करून पूर्ण पैसे परत. बुकिंगवर 'नॉन-रिफंडेबल' लिहिलेलं आहे म्हणून हॉटेल नाही म्हणेल. त्यावर उत्तर सरळ आहे: तुम्ही मन बदललं तर परतावा नाही, एवढाच त्या अटीचा आवाका. हॉटेलनेच ठरलेली खोली दिली नसेल, तर त्या अटीचा आडोसा घेता येत नाही.

फरकाचा हिशेब कसा मांडायचा? समजा, समुद्राकडची खोली रात्रीला ६,००० रुपये आणि त्याच तारखांना मागची खोली ३,८०० रुपये. फरक २,२०० रुपये. तीन रात्रींचे ६,६०० रुपये. त्यावर भरलेला कर वेगळा. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्याच्या वरच्या खोल्यांवर १८ टक्के. म्हणजे इथे आणखी ३३० रुपये, एकूण ६,९३०. हा आकडा स्क्रीनशॉटसह मांडला की तो अंदाज उरत नाही, हिशेब होतो. हॉटेल बदलावं लागलं असेल तर नव्या हॉटेलचा जादा खर्च आणि टॅक्सीची पावती यात जोडा. मनस्तापाची भरपाई ही पुढची, आयोगासमोरची गोष्ट आहे. काउंटरवर ती मागून वाटाघाट अवघड करू नये.

रात्री अकरा वाजता, मुलं झोपलेली

खरी कसोटी इथे लागते. हॉटेल भरलेलं, बाहेर सगळीकडे गर्दी, आई थकलेली. अशा वेळी मिळेल ती खोली घेण्यावाचून इलाज नसतो आणि हे हॉटेललाही ठाऊक असतं. राहा, पण आधी दोन ओळी पाठवा: "रात्र झाल्यामुळे आणि सोबत ज्येष्ठ व लहान मुलं असल्यामुळे नाइलाजाने या खोलीत राहत आहोत. आमची तक्रार आणि फरक मागण्याचा हक्क कायम आहे." यामुळे तुम्ही खुशीने राहिलात असं नंतर म्हणता येत नाही.

खोल्यांपेक्षा जास्त बुकिंगं घेतल्यामुळे तुम्हाला 'आमच्याच दुसऱ्या हॉटेलात' पाठवायला निघाले, तर तिथे जाण्याची सक्ती नाही. जायचं ठरवलं तर आधी त्या हॉटेलचं नाव आणि खोलीचा प्रकार लिहून घ्या, फोटो मागा. नेण्या-आणण्याचा खर्च त्यांचा, आणि ते हॉटेल स्वस्तातलं असेल तर फरक परत. गणपतीपुळ्याला देवळाजवळ म्हणून घेतलेलं हॉटेल बदलून कित्येक किलोमीटरवरचं देणं हा खोलीइतकाच मोठा बदल आहे. जागा हाही व्यवहाराचा भाग असतो.

घरगुती निवासात हाच विषय वेगळ्या सुरात निघतो. तारकर्ली, दिवेआगर, गुहागरकडे घराच्या दोन-चार खोल्या पर्यटकांना देणारी कुटुंबं असतात. काकू स्वतः सोलकढी वाढत असतात. तिथे मॅनेजर नाही, ग्राहक कक्ष नाही. "काका, आम्हाला समुद्राकडची खोली सांगितली होती ना, ती दिलीत तर बरं होईल" असं बोललं की बहुतेक वेळा मार्ग निघतो. पण गोड बोलणं म्हणजे हक्क सोडणं नव्हे. पैसे घेऊन दिलेली सेवा आहे, आणि मोठ्या हॉटेलला लागू असलेला ग्राहक कायदा त्यांनाही लागू आहे. मेसेज तिथेही पाठवावा, फक्त भाषा मऊ ठेवावी.

निघताना बिल वाचून घ्या

चेक-आउटच्या घाईत पुढ्यात आलेल्या कागदावर सही करण्याआधी वाचा. बिलावर प्रत्यक्ष राहिलात त्या खोलीचा क्रमांक आणि प्रकार लिहायला लावा. समुद्राकडच्या खोलीचं बिल घेऊन आलात तर तुम्हाला तीच खोली मिळाली होती, असा त्याचा अर्थ लावला जाईल. काही सवलत दिली असेल तर ती बिलात दिसू द्या. 'सर्व तक्रारींचं निरसन झालं' असं लिहिलेल्या कागदावर, खरोखर निरसन झालं नसेल तर, सही करू नका. अभिप्रायाच्या फॉर्मवरही जे खरं तेच लिहा. पाच तारे दिलेला फॉर्म पुढे तुमच्याविरुद्ध दाखवता येतो.

परतल्यावर: पायरी चढत जायचं

पहिली पायरी बुकिंग कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी. ई-कॉमर्सचे ग्राहक संरक्षण नियम, २०२० प्रमाणे असा अधिकारी नेमणं आणि त्याचं नाव-संपर्क वेबसाइटवर देणं बंधनकारक आहे. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि एका महिन्यात ती सोडवायची, असा नियम आहे. कस्टमर केअरच्या चॅटमध्ये फिरत राहण्यापेक्षा थेट या अधिकाऱ्याला ईमेल करा. त्यात तारखेप्रमाणे काय घडलं ते दहा-बारा ओळींत, हिशेबाचा आकडा, फोटो, आणि उत्तराची तारीख एवढं पुरे. 'आम्ही फक्त मध्यस्थ, खोली हॉटेलची' हे उत्तर येईल. पण जाहिरात त्यांच्या पानावर होती, पैसे त्यांनी घेतले, व्हाउचर त्यांनी दिलं. तक्रार दोघांच्याही नावाने चालू ठेवा.

क्रेडिट किंवा डेबिट कार्डने पैसे भरले असतील तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डने भरलेले पैसे बँकेमार्फत परत वळवून, मागण्याची वाट आहे. कारण लिहायचं: घेतलेली सेवा वर्णनाप्रमाणे नव्हती. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत अशा वादांसाठी साधारण १२० दिवसांची मुदत असते, तरी बँकेकडे जितक्या लवकर जाल तितकं चांगलं. आधी हॉटेलशी आणि अ‍ॅपशी प्रयत्न केल्याचे पुरावे बँक मागते. म्हणूनच ते सगळे मेसेज लागतात. परदेशातल्या हॉटेलच्या बाबतीत ही वाट सगळ्यात उपयोगी, कारण तिथल्या यंत्रणेकडे इथून तक्रार लावत बसणं जड जातं. यूपीआयने पैसे दिले असतील तर सेवेच्या दर्जावरून पैसे परत मिळवण्याची इतकी सोयीची वाट नाही. मोठ्या रकमेचं बुकिंग कार्डनेच करावं, असं मला वाटतं ते यासाठी.

दुसरी पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. सकाळी ८ ते रात्री ८ फोन लागतो, राष्ट्रीय सुट्ट्या वगळून. मराठीत बोलता येतं. ८८००००१९१५ या क्रमांकावर व्हॉट्सअ‍ॅपनेही तक्रार होते. ही हेल्पलाइन म्हणजे न्यायालय नाही, तिचा हुकूम कुणावर चालत नाही. पण ती तक्रार कंपनीकडे पाठवते आणि उत्तर मागवते. दोन-पाच हजारांचे पुष्कळ वाद इथेच मिटण्यासारखे असतात. एवढ्या रकमेसाठी आयोगात जाण्याची घाई करू नये, आधी ही पायरी मनापासून वापरावी. मुंबईत आणि आसपास मुंबई ग्राहक पंचायतीसारखी जुनी संस्थाही तक्रारदारांना मार्गदर्शन करते.

गोव्यातल्या हॉटेलबद्दल आणखी एक दार आहे. तिथे १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली हॉटेलांना आणि पेइंग गेस्ट घरांना पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. तक्रारीची एक प्रत त्या खात्याला पाठवावी. बिलावर नोंदणी क्रमांक नसेल तर तेही कळवावं.

तिसरी पायरी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. याबद्दलची भीती बहुतांशी ऐकीव आहे. सेवेसाठी तुम्ही दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात चालते, आणि ५ लाखांपर्यंत दाखल करायला शुल्क नाही. वकील लावण्याची सक्ती नाही. हॉटेल गोव्यात किंवा मनालीत असलं तरी तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. ही सोय २०१९ च्या कायद्याने दिली आणि सामान्य माणसासाठी ती फार मोलाची आहे. मुदत घटना घडल्यापासून दोन वर्षं. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते आणि व्हिडिओवरून सुनावणी मागता येते.

त्याआधी हॉटेल आणि बुकिंग कंपनी दोघांना स्पीड पोस्टने आणि ईमेलने १५ दिवसांची नोटीस पाठवा. कायद्याने ती लागतेच असं नाही, पण तुम्ही संधी दिली होती हे दिसतं. तक्रारीत दोघांनाही सामनेवाले, म्हणजे विरुद्ध पक्ष, करा. एकाला सोडलं तर दुसरा त्याच्याकडे बोट दाखवून मोकळा होतो. सोबत व्हाउचर, पैसे भरल्याचा पुरावा, जाहिरातीचे स्क्रीनशॉट, फोटो-व्हिडिओ, सगळा पत्रव्यवहार तारखेच्या क्रमाने, आणि प्रतिज्ञापत्र जोडायचं. मागणीत तीन गोष्टी वेगळ्या लिहा: फरकाची रक्कम व्याजासह, मानसिक त्रासाची भरपाई, तक्रारीचा खर्च. आकडे वाजवी ठेवा. ६,९३० रुपयांच्या फरकावर पाच लाखांची भरपाई मागितली की खऱ्या मागणीचंही वजन कमी होतं. अशी तक्रार तीन महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, तेवढी मनाची तयारी ठेवावी.

सहल कंपनीबरोबर गेला असाल तर

ग्रुप टूरच्या माहितीपत्रकात हॉटेलच्या नावापुढे 'किंवा तत्सम' असं छापलेलं असतं. हे दोन शब्द कंपनीला हॉटेल बदलायची मुभा देतात, दर्जा उतरवायची देत नाहीत. तुलना करताना दर्जा, शहराच्या मध्यापासूनचं अंतर, जेवणाची सोय आणि खोलीतले बेड या चार गोष्टींवर करा. तीन जणांच्या खोलीत तिसऱ्याला दर मुक्कामी गादी मिळत असेल, तर पहिल्याच मुक्कामी टूर मॅनेजरला मेसेज पाठवा. सगळ्या सहप्रवाशांची तक्रार सारखी असेल तर प्रत्येकाने आपापल्या फोनवरून पाठवावा. शेवटच्या दिवशी बसमध्ये व्यक्त केलेली नाराजी कुठेच नोंदली जात नाही.

खोलीच नसेल तर

कधी हॉटेलात पोचल्यावर कळतं की असं बुकिंगच नाही, किंवा त्या पत्त्यावर हॉटेलच नाही. हा सेवेतल्या त्रुटीचा विषय नाही, फसवणुकीचा आहे. लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी ते रोखून धरणं शक्य असतं, म्हणून इथे तासातासाला महत्त्व आहे. बँकेलाही त्याच वेळी कळवा. खोट्या वेबसाइटी जास्त करून तीर्थक्षेत्रांच्या नावाने निघतात. २०२५ मध्ये भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने यात्रेकरूंना याबद्दल जाहीर इशारा दिला होता. शिर्डी, शेगावसारख्या ठिकाणच्या भक्त निवासाचं बुकिंग संस्थानाच्या अधिकृत वाटेनेच करावं. शोध घेतल्यावर वर दिसणाऱ्या पहिल्या मोबाइल नंबरवर पैसे पाठवू नयेत.

अभिप्राय आणि तडजोड

ऑनलाइन अभिप्राय जरूर लिहा, कारण पुढच्या कुटुंबाला त्याचाच आधार असतो. खोलीचा प्रकार, तारीख, काय लिहिलं होतं, काय मिळालं, हॉटेलने काय केलं, आणि फोटो. 'चोर', 'लुटारू' असे शब्द टाळा. घडलेलं तसंच लिहिलं की ते पुरेसं बोलकं असतं, आणि बदनामीचा आरोप करायला जागा उरत नाही. हॉटेलने चूक मान्य करून सुधारली असेल तर तेही लिहा. पैसे दिले नाहीत तर वाईट अभिप्राय लिहू, अशी धमकी मात्र कधी देऊ नका. तो मेसेज पुढे आयोगासमोर आला तर तुमचीच बाजू पडते.

तडजोडीचा प्रस्ताव अनेकदा नोटीस मिळाल्यावर येतो. पुढच्या मुक्कामासाठी कूपन देऊ केलं तर विचार करा: ज्यांच्याकडे पुन्हा जायचं नाही त्यांच्या कूपनचा उपयोग काय? रोख परतावा मागा. रक्कम ठरली की ती किती, कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात, हे ईमेलवर लिहून घ्या. तक्रार मागे घेण्याचा आग्रह आधी धरला जाईल. पैसे खात्यात जमा झाल्याचा बँकेचा मेसेज येईपर्यंत ती मागे घेऊ नका.